कर्ता नसलेलं वाक्य

॥ श्री ॥

एचएसआर लेआउट, बेंगळूरु
३ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास,
रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र आणि तिळगुळाची पुडी चामराजपेटच्या घरी पोचली. तिळगूळ ह्यांनीच फस्त केला. माझ्या वाटणीला पुडीचा कागद आला, त्यावरचं निपाणीच्या दुकानाचं नाव वाचून मी गोड मानून घेतलं.

वरचा पत्ता बघून तू चमकला असशील. मी सध्या लेकीकडे, रम्याच्या फ्लॅटवर आहे, नवव्या मजल्यावर. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन वीस जानेवारीला ठरलं होतं ना, ते झालंच नाही. मला आत नेलं, सुई टोचली, मी झोपले, आणि जागी झाले तर ऑपरेशन पुढे ढकललेलं. ऐन वेळी बीपी चढलं म्हणे. तरी आठ दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं आणि तिथून घरी न नेता इथे आणलं. हे आपलं किल्ल्यांचं दुकान लवकर बंद करून एक दिवसाआड येतात, माझ्यासमोर बसतात आणि कुलपाच्या किल्लीसारखी बोटं फिरवत राहतात. बोलत काही नाहीत. तसे ते कधी बोलत होते म्हणा.

आता काम सांगते. एका कागदावर मी एक इंग्रजी शब्द बघितला. ए, सी, एच, आय, ई, व्ही, ई, डी. अक्षरं मला लागतात, बसच्या पाट्या वाचून सवय आहे, पण अर्थ लागत नाही. इथे रम्या आणि जावई अभिराज, दोघांचं पोट इंग्रजीवर चालतं, पण मला त्यांना विचारायचं नाही. का ते विचारू नको. फोनवर तुला काही ऐकू येत नाही, आणि तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले तर साऱ्या मजल्याला ऐकू जाईल. म्हणून पत्र. पोळ्या करायला येणारी यल्लव्वा रायबागकडची आहे, ती पेटीत टाकते म्हणाली.

मला थोडी भीती वाटते आहे, अण्णा. कशाची ते कळलं की लिहीन.

वहिनींना नमस्कार. उत्तर लवकर दे, आणि माझ्यावर रागवायचं असलं तर अर्थ सांगून मग रागाव.

तुझी
रत्ना


॥ श्री ॥

निपाणी
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रत्नास,
अ. उ. आ.

बीपी चढलं तर लोणचं बंद कर, एवढं आधी लिहून टाकतो. तू ऐकणार नाहीस हेही लिहून टाकतो.

तुझा शब्द वाचून मजा वाटली. चौतीस वर्षं पोरांना हा शब्द शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर पहिली शंका घरच्याच माणसाला यावी. उच्चार 'अचीव्ह्ड'. मूळ क्रियापद 'अचीव्ह', शेवटचा डी लागला म्हणजे काम होऊन गेलं. कागद कसला ते तू लपवतेस, पण मी ओळखलं. रम्याला कचेरीत बक्षीस मिळालं असणार आणि तुला आयत्या वेळी चकित करायचा बेत असणार. मी काही बोलत नाही.

आता नीट ऐक, म्हणजे वाच. बसमध्ये जागा मिळाली तर ते 'गेट'. स्वयंपाक उरकला तर 'फिनिश'. अचीव्ह म्हणायला दोन अटी आहेत. पहिली, ती गोष्ट आधी आपल्या हातात असता कामा नये. कधी नव्हतीच तरी चालेल, किंवा होती आणि गेली तरी चालेल. दुसरी, ती कुणाच्या तरी श्रमानं हातात यायला हवी, आपसूक नाही. कुणी आपलं नाक अचीव्ह करत नाही, ते असतंच. एका मुलीनं निबंधात मला ताप अचीव्ह झाला असं लिहिलं होतं. मी समासात लिहिलं की तुझ्या बापानं कष्टानं मिळवून दिलेला उतार अचीव्ह, ताप नव्हे.

एवढं समजलं तर तुला दहापैकी नऊ. एक मार्क अक्षरासाठी कापला. भीतीबिती काढून टाक, उंचावर राहायची सवय नाही म्हणून वाटत असेल.

खंडोजीरावांना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. माया आहे तशीच आहे, बहिरेपणा तेवढा वाढला आहे.

तुझा
अण्णा


॥ श्री ॥

एचएसआर लेआउट
१४ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बक्षीस नाही रे. तो कागद माझा आहे, दवाखान्याच्या फाइलमधला.

रम्यानं ती फाइल कपाटात, स्वेटरांच्या खाली दडवली आहे. ती आंघोळीला गेली तेव्हा मी काढली. सगळं इंग्रजी. एका ओळीखाली कुणीतरी निळ्या पेनानं रेघ मारली होती. त्या ओळीत तो शब्द होता, त्याच्या आधी 'सर्क्युलेशन' आणि पुढे तीनचा आकडा आणि मिनिटं. नळ बंद झाल्याचा आवाज आला म्हणून फाइल तशीच ठेवली. सर्क्युलेशन मला ठाऊक आहे, वर्तमानपत्राचं सर्क्युलेशन वाढलं असं तू म्हणायचास. माझ्या फाइलमध्ये वर्तमानपत्र कशाला येईल?

तू लिहिलंस की आधी हातात नसेल तरच अचीव्ह. मग माझ्या हातून काय गेलं होतं? मी तीन दिवस हेच घोकते आहे.

आणखी एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. ऑपरेशन पोटाचं होतं आणि दुखते माझी छाती. शिंकले तर डोळ्यांपुढे अंधारी येते. मधोमध तळहाताएवढा डाग होता, आधी जांभळा, आता पिवळा पडत चालला आहे. विचारलं तर रम्या म्हणाली मशीनचा पट्टा घट्ट बसला होता. असला कसला पट्टा? बाथरूमची कडी मला लावू देत नाहीत. मी दुपारी डोळा मिटला की ती येऊन नाकापाशी बोट धरते. मी जागी असते, पण तिला कळू देत नाही.

मला कॅन्सर झाला आहे असं मला वाटतं. पोट उघडायच्या आधीच दिसला असेल आणि म्हणून तसंच सोडून दिलं असेल. चामराजपेटच्या कपाटाच्या किल्ल्या मी ह्यांच्याकडे दिल्या. हिरवी इरकल यल्लव्वाला देऊन टाकली, ती घेईना, मग रडायलाच लागली. दुसऱ्यांदा ऑपरेशन चोवीस मार्चला ठरवलंय म्हणतात. काय ते कळल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही, खडे पोटात राहिले तरी चालतील.

तू आजवर मला खोटं सांगितलं नाहीस. आई गेली तेव्हासुद्धा वाटेत तूच सांगितलंस, बाकीचे गाडी थांबेपर्यंत गप्प होते. आता सांग.

लोभ आहे हे मला माहीत आहे, तो या पत्राच्या उत्तरात दिसू दे.

तुझी
रत्ना


बेंगळूरु
२४ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
रम्याचा कृ. सा. न.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. आमच्याकडे कुणाला हातानं लिहिलेलं पत्र येत नाही, त्यामुळे रिसेप्शनवरच्या मुलीनं ते दोन बोटांत धरून आणलं. पाकीट बघूनच मला कळलं की आईनं तुम्हाला लिहिलंय.

तुम्ही सरळ विचारलंत, मी सरळ सांगते. भुलीच्या आधीचं एक इंजेक्शन आईला सोसलं नाही. तिचं हृदय थांबलं. तीन मिनिटं. मग चालू झालं. ऑपरेशन अर्थातच रद्द झालं आणि तिला आयसीयूत ठेवलं. मेंदूला काही इजा नाही, हृदयही आता ठीक आहे, सगळ्या तपासण्या झाल्या. कॅन्सर वगैरे काहीही नाही. कुठलं इंजेक्शन चालत नाही ते शोधून फाइलवर लाल शाईनं लिहिलंय, यावेळी दुसरं देतील.

त्या तीन मिनिटांत मी खाली कॅन्टीनमध्ये कॉफी पीत होते, मामा. अभिराजचा फोन आला तेव्हा माझ्या हातात बिस्किट होतं. ते मी वर जाईपर्यंत तसंच धरून ठेवलं होतं म्हणे, मला आठवत नाही. तेव्हापासून ती झोपली की मला राहवत नाही. तिच्या नाकाशी बोट धरते. तिला झोप गाढ लागते म्हणून बरं.

तिला सांगू नका. पहिल्या वेळीच ती तयार नव्हती, बाबांनी दोन महिने विनवलं. हे कळलं तर ती परत त्या दारातून आत पाऊल टाकणार नाही. आणि खडे नळीत अडकले तर यापेक्षा वाईट होईल असं डॉक्टरांनी बजावलंय. एकदा ऑपरेशन होऊ दे, मग मी स्वतः सगळं सांगते. तोवर तुम्ही काहीतरी लिहा. तुमचं ती ऐकते.

बाबांना मी हे पत्र लिहिल्याचं माहीत आहे. ते नुसते 'सरी', बरं, एवढंच म्हणाले आणि दुकानात गेले.

मामींना नमस्कार. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
रम्या


॥ श्री ॥

निपाणी
२८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रत्नास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, पडसं झालं होतं. तू उगीच जीव घाबरा करून घेतलास. सर्क्युलेशन म्हणजे रक्ताचं फिरणं. ते सगळ्यांच्याच अंगात चालू असतं. भूल देताना डॉक्टर ते तपासतात आणि ठीक आहे असं दिसलं की अचीव्ह्ड असं लिहितात. दवाखान्याची लिहायची पद्धतच तशी असते, सगळ्यांच्या फाइलमध्ये तेच. तपासायला तीन मिनिटं लागली, एवढाच त्याचा अर्थ. कॅन्सर नाही, हे मी शपथेवर सांगतो.

चोवीस तारखेला मुकाट्यानं जा आणि ते खडे काढून टाक. इरकल परत मागून घे.

कळावे.

तुझा
अण्णा


एचएसआर लेआउट
५ मार्च २०२५

ती. अण्णास,
नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. पहिल्या पत्रात लिहिलंस की जे असतंच ते कुणी अचीव्ह करत नाही, नाकाचं उदाहरणही दिलंस. दुसऱ्यात लिहितोस की रक्त सगळ्यांच्याच अंगात फिरत असतं आणि तरी अचीव्ह्ड लिहितात. दोन्ही खरं असू शकत नाही. पहिलं पत्र लिहिताना तुला कशाबद्दल आहे ते माहीत नव्हतं, म्हणून ते खरं.

पडसं झालं तर तू दोन पानं भरून पडशाचंच वर्णन लिहितोस. एका ओळीत कधी आवरलं नाहीस. आणि तू कळावे लिहिलंस. मला पत्र लिहिताना तू कधी कळावे लिहीत नाहीस.

म्हणजे माझं रक्त फिरायचं थांबलं होतं. मग ते कुणीतरी फिरवलं. असंच ना? पण अण्णा, हे लिहिणारी मी आहे, म्हणजे मी आहे. गेलेली नाही. एवढं तरी मला माझ्याच माणसांनी सांगायला नको का? त्या टेबलावर दुसऱ्यांदा मी चढायचं आहे, त्यांनी नाही.

तू खरं लिहिलंस तर चोवीसला जाईन की नाही, मला माहीत नाही. खोटं लिहिलंस तर नक्की जाणार नाही.

रत्ना


॥ श्री ॥

निपाणी
९ मार्च २०२५

चि. सौ. रत्ना,
उदंड आयुष्याचा आशीर्वाद. आजवर हा सवयीनं लिहीत होतो, आज अर्थ लावून लिहिला.

तू बरोबर आहेस. मी चुकीचं उत्तर दिलं, आणि शिकवलेलंच चुकवलं. असल्या उत्तराला मी शून्य द्यायचो, ते मी घेतो.

तुझं हृदय तीन मिनिटं थांबलं होतं. भुलीच्या आधीचं एक इंजेक्शन तुला सोसलं नाही. तीन मिनिटांनी ते परत चालू झालं. एवढंच आहे आणि सगळं एवढंच आहे. कॅन्सर नाही, ती शपथ खरी होती. हृदय आता ठीक आहे. ते इंजेक्शन कुठलं ते फाइलवर लाल शाईनं लिहिलेलं आहे. फाइल उघड, आता लपवून नाही. तो शब्द पाठ कर आणि जो कुणी तुझ्याजवळ सुई घेऊन येईल त्याला म्हणून दाखव. खडे काढायलाच हवेत, त्याबद्दल दुमत नाही.

आईला सांगू नका म्हणून रम्यानं मला विनवलं होतं. तिच्यावर चिडू नको. ती तुझ्या नाकाशी बोट धरते ती भीतीपोटीच. तिला वाटतं तू गाढ झोपलेली असतेस. मी शब्द मोडला असं तिलाही आजच लिहिलं आहे. तुझं चौदा तारखेचं पत्र आल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. तुझी वहिनी मोठ्यानं ओरडून विचारते काय झालं आणि मी ऐकू आलं नाही असं दाखवतो. बहिरेपणाचा एवढाच उपयोग.

आता मास्तर म्हणून एक शेवटचं. ती फाइलमधली ओळ मला खुपते आहे. सर्क्युलेशन अचीव्ह्ड, तीन मिनिटांनी. पण कुणी? कर्ता गाळलेला आहे. दवाखाने आणि सरकारी कचेऱ्या असंच लिहितात, काम झालं एवढं सांगतात, केलं कुणी ते लिहीत नाहीत. मी तुला दोन अटी सांगितल्या होत्या. पहिली तुला समजली आणि तू तिच्यावरच अडकलीस, तुझ्या हातून काय गेलं. दुसरी वाच. कुणाच्या तरी श्रमानं. ते आपसूक आलं नाही, रत्ना. तीन मिनिटं कुणीतरी तुझी छाती दाबत होतं. तो डाग पट्ट्याचा नाही, हातांचा आहे.

तू जाशील की नाही हे मी सांगणार नाही. मीही घाबरलो आहे. तुझ्याइतकाच.

आहेस तशी आमच्यात राहा, दुसरं मागणं नाही.

तुझा
अण्णा


॥ श्री ॥

एचएसआर लेआउट
२१ मार्च २०२५

ती. अण्णास,
रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यल्लव्वानं आणून दिलं आणि मी वाचून होईपर्यंत ती पोळपाट तसाच टाकून समोर उभी राहिली. मी रडले नाही. बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. तुला हसू येईल, पण पहिलं तेच केलं.

संध्याकाळी रम्या आली ती तिला लिहिलेलं तुझं पत्र पर्समध्ये घेऊनच. दारातच उभी राहिली, आत येईना. मी तिला सांगितलं की तू बोट धरायचीस तेव्हा मी जागी असायचे. मग मात्र आम्ही दोघी रडलो. तिला त्या बिस्किटाचं फार लागून राहिलं आहे. मी म्हटलं, खाल्लं असतंस तरी माझं काही अडलं नसतं. ह्यांना कळलं की मला कळलं, तेव्हा ते आले आणि प्रथमच बोलले. म्हणाले की त्या दिवशी दवाखान्यातून दुकानात गेलो आणि एका माणसाची किल्ली तीनदा चुकीची कापली. ते तिन्ही तुकडे खिशात होते, मला दाखवले.

काल दवाखान्यात तपासणीला गेलो. मी भुलीच्या डॉक्टरांना विचारलं की तीन मिनिटं दाबत कोण होतं. ते म्हणाले सगळी टीम होती. मी म्हटलं टीमला हात नसतात. रम्या लाजून खाली बघायला लागली. शेवटी त्यांनी वरच्या मजल्यावरून एका नर्सला बोलावलं. भाग्यलक्ष्मी तिचं नाव, चिक्कोडीकडची, अंगानं काडी. डॉक्टरही आळीपाळीनं होते, पण सुरुवात तिनं केली आणि शेवटी हात तिचेच होते. ती म्हणाली की कन्नडमध्ये मोठ्यानं मोजत होते, तीस झाले की परत एकपासून. संध्याकाळपर्यंत मनगटं थरथरत होती. दुसऱ्या दिवशी तिची बदली वरच्या वॉर्डात झाली आणि मी जगले की नाही हे विचारायची तिला भीती वाटली. दोन महिने तिनं विचारलं नाही. मला बघून ती आधी स्टुलावर बसली आणि मग नमस्कार करायला विसरले म्हणून परत उठली. मी तिचा हात धरून डाग होता तिथे ठेवला. बरोबर बसला, अण्णा.

चोवीसला ती आत असावी अशी मी डॉक्टरांना विनंती केली. ते सरी म्हणाले. लाल शाईचा शब्द मला पाठ आहे. काल रक्त घ्यायला आलेल्या मुलीला म्हणून दाखवला, ती म्हणाली आजी मला फक्त रक्त न्यायचं आहे.

मी जाणार आहे. भीती गेलेली नाही. दुपारी आडवी झाले की हात छातीवर ठेवून मी मोजते, तीसपर्यंत, मग परत एकपासून. पण पूर्वी मी अंधारात घाबरत होते, आता काय आहे ते दिसतं आहे.

रात्री जेवणाच्या आधी फाइल घेऊन बसले. निळी रेघ मारलेल्या त्या ओळीच्या शेवटी थोडी जागा मोकळी होती. तिथे मी मराठीत, तू मार्क कापणार नाहीस अशा अक्षरात, भाग्यलक्ष्मी असं लिहिलं. रम्यानं बघितलं आणि विचारलं की आई, दवाखान्याच्या कागदावर हे काय लिहिलंस. मी म्हटलं वाक्य अपुरं होतं.

पुढचं पत्र चामराजपेटच्या पत्त्यावर घाल. मी तिथे असेन. लोणच्याबद्दल काही लिहू नको.

तुझी
रत्ना